दीड दिवसांचा गणपती आणि बारा तासांचं तिकीट

आम्ही बोरिवलीत कुळुपवाडीच्या बाजूला राहतो. नॅशनल पार्क इतकं जवळ, की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याच्या टँकरच्या भांडणात मधूनच बिबट्याचं सीसीटीव्ही फुटेज येतं. लोक त्यावर हात जोडलेली चित्रं टाकतात आणि पुन्हा टँकरवर घसरतात. त्यामुळे मी केनियाचा विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जनावरं बघायला विमान कशाला हवं? रात्री अकरानंतर कचरा टाकायला खाली जा."

माझ्या नवऱ्याला, अमितला, ताडोबाचं वेड. तीनदा जाऊन आलाय, मोहर्ली गेटच्या चहावाल्याशी ओळख आहे. आमच्या घरात सफारी म्हणजे ऑनलाइन बुकिंग उघडलं की लॅपटॉपवर तुटून पडायचं, सहा जणांची जिप्सी, ठरलेल्या वेळेला आत, ठरलेल्या वेळेला बाहेर, आणि वाघ दिसला नाही तर "पगमार्क मात्र एकदम ताजे होते" हे वाक्य. केनियातली सफारी अशीच असणार, फक्त लांब, असं आम्ही धरून चाललो होतो. पहिली चूक तीच.

हे सगळं २०२४ सालचं. आमची मुलगी सई नववीत होती, दहावीच्या आधीचं मोकळं वर्ष. जानेवारीत ठरवायला बसलो आणि पहिल्याच संध्याकाळी महिन्यावर अडलो. आपल्याकडे मोठ्या सहली मे महिन्यात. केनियात मार्च ते मे मोठा पाऊस. दिवाळीची सुट्टी म्हटलं तर नोव्हेंबरात तिकडचा छोटा पाऊस सुरू होतो. मुंबईच्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या तिथल्या दोन्ही पावसाळ्यांवर बरोब्बर बसवल्यासारख्या आहेत. जे बघायला जग तिथे लोटतं ते वेगळ्याच काळात. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, म्हणजे गायीच्या अंगाची शिंगवाली हरणं, बरोबर झेब्रे, टांझानियातल्या सेरेंगेटीतून गवताच्या मागे मागे उत्तरेला मसाई मारात येतात आणि मारा नदी ओलांडतात, ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. म्हणजे आपले आषाढ, श्रावण, भाद्रपद. म्हणजे गणपती.

"गणपती सोडून कुठे जायचं नाही," हे आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, टीव्हीवरून नजर न काढता सांगितलं. वाद घालण्यात अर्थ नव्हता, मलाही जायचं नव्हतं. पण आमचा गणपती दीड दिवसांचा. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी. रविवारी विसर्जन. १० तारखेच्या मंगळवारी पहाटे मुंबई-नैरोबी थेट विमान, सहा तासांचं. शाळेलाही गणपतीची सुट्टी, पुढचे काही दिवस दांडी. दहा दिवसांचा गणपती असता तर हा लेख झालाच नसता.

मग अमितने एक्सेल उघडलं. त्यात सहा नावं: अंबोसेली, त्सावो, नाकुरू, नैवाशा, मसाई मारा, सांबुरू. आठ रात्रींत सहा ठिकाणं. मुंबईतल्या एका टूर कंपनीचं पत्रकही असंच होतं, सात रात्रींत पाच पार्क, शिवाय "रोज भारतीय जेवण" ठळक अक्षरात. आम्हाला वाटलं आम्ही त्यांच्यापेक्षा सरस. मी ते एक्सेल नैरोबीतल्या एका छोट्या सफारीवाल्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अत्यंत नम्र. त्याचा मथितार्थ असा होता, की मॅडम, या योजनेत तुम्हाला केनियाचे रस्ते फार छान बघायला मिळतील.

नकाशावर जरा नीट बसल्यावर कळलं तो काय म्हणतोय. नैरोबी मध्यावर आहे आणि सगळे पार्क तिच्याभोवती वेगवेगळ्या दिशांना. अंबोसेली दक्षिणेला टांझानियाच्या सीमेवर, मसाई मारा पश्चिमेला त्याच सीमेवर. नकाशात वीतभर अंतर, पण सरळ रस्ता असा नाही, नैरोबीच्या बाजूने वळसा घालून पूर्ण दिवस जातो. नैरोबी ते मारा अडीचशेच्या वर किलोमीटर, पाच-सहा तास. आपण बोरिवलीहून अडीचशे किलोमीटर म्हणजे कुठे जातो ते आठवा आणि शेवटच्या टप्प्याला कोकणातला गणपतीतला रस्ता जोडा.

म्हणून मग कापाकापी. हा सगळ्यात त्रासाचा आणि मला विचाराल तर सगळ्यात मजेचा भाग. सांबुरू पहिल्या फेरीत गेलं, उत्तरेला एकटंच पडतं म्हणून. त्सावो सोडताना अमित हळहळला. दोन्ही त्सावो मिळून वीस हजारांवर चौरस किलोमीटर, आणि तिथूनच ती रेल्वे गेली जी बांधायला हजारो मजूर हिंदुस्थानातून नेले होते. १८९८ साली त्सावो नदीवरच्या पुलाच्या कामावर दोन सिंहांनी त्यातली कित्येक माणसं खाल्ली. "आपल्या माणसांची जागा आहे ती," अमित म्हणाला. मी म्हटलं, आपल्या माणसांची म्हणूनच जरा भीती वाटते.

नाकुरूवर सई अडून बसली. तिने कुठेतरी गुलाबी झालेल्या तलावाचा फोटो पाहिला होता. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत नाकुरूच्या तलावाचं पाणी वाढत गेलंय, फ्लेमिंगो बरेचसे दुसऱ्या तलावांकडे गेलेत. आणि तिथला छोटा फ्लेमिंगो म्हणजे तोच, जो आपल्याला शिवडीच्या जेट्टीवरून आणि ठाण्याच्या खाडीत दिसतो. हार्बर लाइनच्या तिकिटात दिसणाऱ्या पक्ष्यासाठी एवढं करायचं? तरी नाकुरू राहिलं, पण गेंड्यांसाठी. काळे आणि पांढरे दोन्ही तिथे आहेत, आणि पार्क लहान, कुंपण घातलेलं, त्यामुळे एका सकाळीत बघून होतं.

अंबोसेलीला एक रात्र की दोन, यावर आम्ही एक आख्खा रविवार घालवला. लोक अंबोसेलीला जातात ते हत्ती आणि त्यांच्यामागे किलिमांजारो असा फोटो डोक्यात ठेवून. डोंगर टांझानियात, ५,८९५ मीटर, दिसतो मात्र इथून. पण तो दिवसभर ढगात असतो, पहाटे तासभर आणि झालंच तर संध्याकाळी तोंड दाखवतो. एक रात्र राहिलो तर एकच पहाट मिळणार. त्या पहाटे ढग असले की संपलं. दोन रात्री म्हणजे दोन पहाटा. हे लक्षात आल्यावर आम्ही पार्क मोजायचं बंद केलं आणि पहाटा मोजायला लागलो. यादी झाली अंबोसेली दोन, नाकुरू एक, मारा तीन, पहिली आणि शेवटची रात्र नैरोबीत.

आता पैसे. मी विमा कंपनीत क्लेम बघते. बावीस वर्षं बारीक अक्षरं वाचून चष्म्याचा नंबर वाढला, पण ती वाचल्याशिवाय हात सही करत नाही. तीन जणांकडून कोटेशन आली होती. तिघांतही "मारा: तीन रात्री, प्रवेशशुल्कासह" असं होतं, आणि आकडे एकमेकांपासून लांब. मग प्रवेशशुल्काचे नियम शोधून वाचले. मसाई मारा हे राष्ट्रीय उद्यान नाहीच, ते नॅशनल रिझर्व्ह आहे. अंबोसेली, नाकुरू तेव्हा केंद्राच्या वन्यजीव खात्याकडे होती, तर मारा नारोक काउंटीकडे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा परिषदेकडे म्हणा. त्यांचे दर वेगळे. २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, आणि जुलै ते डिसेंबर २००. सईच्या वयाला ५०. म्हणजे आमच्या तिघांचा माऱ्यातला एक दिवस ४५० डॉलरला, गाडी, जेवण, झोप सगळं वेगळं.

त्याहून महत्त्वाचं पुढे होतं. तिकीट चोवीस तासांचं राहिलेलं नाही. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तासांचं. तुम्ही रिझर्व्हच्या आतल्या लॉजमध्ये असाल तर निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेट ओलांडायचं, नाहीतर त्या दिवसाचं तिकीट पुन्हा. आता आमचा कार्यक्रम बघा. नाकुरूहून माऱ्याला पोचेपर्यंत संध्याकाळ. मुक्काम आत असेल तर त्या दोन तासांसाठी ४५० डॉलर. तेच गेटबाहेरच्या कॅम्पमध्ये उतरलो तर त्या दिवशी शून्य, मग दोन दिवस सहा ते सहा पुरेपूर, आणि चौथ्या दिवशी सकाळी न्याहारी करून सरळ नैरोबी. तीन रात्री, दोन तिकिटं. दोन कोटेशनांत तीन दिवसांचं शुल्क लावलेलं होतं. मी विचारल्यावर एकाने ते काढलं, दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. रस्त्यांची थट्टा करणारा जो तिसरा होता त्याने पहिल्यापासून दोनच लावली होती. काम त्याला दिलं.

अर्थात बाहेर राहण्यात तोटा आहेच. आत राहणारे सूर्य उगवताना सिंहाशेजारी असतात, तुम्ही गेटवर रांगेत. ज्यांना परवडतं त्यांनी आत राहावं. आम्हाला सईच्या कॉलेजच्या एफडीला हात न लावता, विमान धरून तिघांचं साडेसात लाखांत बसवायचं होतं.

गाडीचा मुद्दा मी सोडून देणार होते. छत वर उचलणारी व्हॅन स्वस्त, लँड क्रूझर महाग, आणि दोन्हींतून सिंह सारखाच दिसतो. पण सफारीवाल्याने लिहिलं की माऱ्यात ब्लॅक कॉटन सॉइल आहे. अमितचं आजोळ यवतमाळचं. त्याने एवढंच वाचलं आणि म्हणाला, "काळी माती आहे? मग लँड क्रूझर." पाऊस पडल्यावर कपाशीच्या वावरात बैलगाडीचं काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला पुढे समजवावं लागत नाही.

जूनच्या शेवटी, आगाऊ रक्कम पाठवायच्या आठवड्यातच, नैरोबीत करवाढीच्या विधेयकाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि २५ जूनला थेट संसदेत घुसले. आईंनी बातम्या पाहून आवाज मोठा केला. मी दोन आठवडे थांबले, विधेयक मागे घेतल्याचं वाचलं, रद्द केल्यास पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी मागून घेतल्या आणि मग रक्कम पाठवली.

आणि इथपर्यंत इतकी हुशारी केल्यावर मी जे केलं ते सांगते.

केनियाहून भारतात परतताना यलो फीव्हरच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची, २०१६ पासून ती आयुष्यभर चालते, आणि ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक केंद्रांतच. कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून देतात. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आमचा नंबर लागला. धो धो पाऊस, अंधेरीला उतरून रिक्षा, तिघांचे पासपोर्ट प्लास्टिकच्या तीन थरांत. आत बाकांवर जहाजावर जाणारी पोरं, आफ्रिकेत दुकानं असलेली दोन गुजराती कुटुंबं, आणि आम्ही. डॉक्टरांनी विचारलं, अंड्याची ॲलर्जी? ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. साठीच्या पुढे असाल तर जोखीम वाढते, मग त्यांना वेगळं तपासतात. दंडाला सुई, अर्धा तास बसा, आणि हातात पिवळं कार्ड, त्यावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर. घरी आल्यावर आईंना अंड्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "श्रावणाआधी घेतलीत ते बरं केलंत."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ईटीएचा अर्ज भरायला बसले. केनियाने २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसा काढून टाकला, आता ऑनलाइन परवानगी, तीस डॉलर आणि वर थोडं शुल्क. पासपोर्ट पोचल्यापासून सहा महिने वैध हवा. माझा २०३१. अमितचा २०२९. सईचा जानेवारी २०२५.

मी तो पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो हे मला माहीत होतं. दुसऱ्यांच्या क्लेममधल्या तारखा मी आयुष्यभर पकडत आले, आणि स्वतःच्या मुलीच्या पासपोर्टवरची मोठ्या ठशातली तारीख सहा महिने डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती.

नवा काढला. दोन्ही पालकांच्या सह्यांचं ॲनेक्श्चर डी, अपॉइंटमेंट, सईची अर्धी शाळा बुडली. तेरा दिवसांत पासपोर्ट आला आणि सुटलो म्हणून मी चहा टाकला. सईच म्हणाली, "आई, पण नंबर बदललाय."

पिवळ्या कार्डावर जुना नंबर.

अमितचं म्हणणं, जुना रद्द पासपोर्ट सोबत ठेवू, झालं. शेजारच्या काकांचं म्हणणं, पेनाने वर नवा नंबर लिही, कोण बघतंय. मी कार्ड चष्मा लावून वाचलं. त्यावर छापलंय, की यात केलेल्या कुठल्याही बदलामुळे किंवा खाडाखोडीमुळे ते अवैध ठरू शकतं. आता असं वाक्य वाचल्यावर माझ्यासारखीला झोप लागणार आहे का? पुन्हा अंधेरी, पुन्हा रिक्षा. खिडकीवरच्या बाईंनी आधी "याने काही होत नाही हो" म्हटलं, मग माझा चेहरा बघून आत गेल्या. डॉक्टरांनी रजिस्टरमधली जुलैची नोंद शोधली, जुनं कार्ड ठेवून घेतलं आणि त्याच तारखेचं नवं करून दिलं. दोन चकरा लागल्या, कारण पहिल्या दिवशी रजिस्टर ज्यांच्या ताब्यात ते रजेवर होते.

सामान बांधायच्या वेळी आई मदतीला आल्या. लाडू, चकल्या, चिवडा, प्रत्येक जिन्नस वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, आणि २०२० पासून पार्कमध्ये पाण्याची प्लास्टिकची बाटलीसुद्धा न्यायची नाही. सगळं उकरून स्टीलच्या डब्यांत भरलं. "पिशवीला बंदी आणि सिंह मोकळे," आई म्हणाल्या. डब्यांचं वजन लाडवांपेक्षा जास्त झालं.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या टाकीत शाडूच्या मूर्तीचं विसर्जन केलं, मंगळवारी पहाटे विमानात होतो. सकाळीच नैरोबी, अडीच तास घड्याळं मागे. दुपारी नैरोबी नॅशनल पार्क. शहराला खेटून, ११७ चौरस किलोमीटर, आपल्या बोरिवलीच्या पार्कपेक्षा थोडंच मोठं. जिराफाच्या मानेमागे इमारतींच्या क्रेन. सईने तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली कोणीतरी विचारलं, पाणी किती वाजता येतं तिकडे?

दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, आम्ही अंबोसेलीच्या वाटेवर असताना नैरोबी विमानतळावर कर्मचाऱ्यांनी संप केला आणि उड्डाणं ठप्प झाली. मुंबईचा विमानतळ ज्या उद्योगसमूहाकडे आहे त्याच समूहाला नैरोबीचा चालवायला द्यायचा प्रस्ताव होता, त्याविरोधात. चालकाने आम्ही मुंबईचे म्हटल्यावर आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं. आम्ही एक दिवस उशिरा निघालो असतो तर एक पहाट गेली असती.

पहिली पहाट तशीही ढगातच गेली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला किलिमांजारो पूर्ण उघडा पडला, वीसेक मिनिटं, खाली हत्तिणींची रांग आणि मागे बगळे. अमितने कॅमेरा खाली ठेवला आणि नुसता बघत बसला. एक्सेलवाला माणूस.

लांब रस्त्यांवर चालकाशी गप्पा झाल्या. स्वाहिलीत गाडीला गारी, दुकानाला दुका, पैशाला पेसा, हिशेबाला हेसाबू. मी काय काम करते हे सांगितल्यावर तो म्हणाला, "बीमा!" विम्याला ते बीमाच म्हणतात. मग त्याने त्याच्या गाडीच्या अडकलेल्या क्लेमची अख्खी हकीकत ऐकवली आणि नाकुरूपर्यंत मी त्याला कुठली कागदपत्रं जोडायची ते सांगत होते. सफारीतले सगळ्यात निवांत चार तास ते.

माऱ्यात दुसऱ्या दिवशी साडेअकरापासून नदीकाठी उभे होतो. पलीकडच्या उतारावर हजारो विल्डबीस्ट, पुढचे पार पाण्यापर्यंत येतात, वास घेतात, मागचे ढकलतात, पुढचे वळतात. खाली मगरी, लाकडाच्या ओंडक्यासारख्या. सव्वादोनला एक झेब्रा गुडघाभर पाण्यात उतरला, सगळ्या गाड्यांतून श्वास रोखल्याचा आवाज आला, आणि तो पाणी पिऊन परत गेला. त्याच्या मागे आख्खा कळप वळून टेकडीवर चरायला निघून गेला. सई लाडू खात होती. चालक म्हणाला, यांची मीटिंग रोज होते, निर्णय होतोच असं नाही. पाच वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही गेटबाहेर पडलो, तिकिटाची वीस मिनिटं उरवून.

मुंबईत उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या टेबलाशी रांग. मी तिन्ही कार्डं पासपोर्टच्या योग्य पानांत घालून, सईचं सगळ्यात वर, तयार ठेवली होती. टेबलावरच्या माणसाने लांबूनच पिवळा रंग पाहिला, बोटाने एक, दोन, तीन मोजलं आणि हाताने पुढे जा म्हणून सांगितलं. मी तरी जागेवरून हलेना. "अहो, नंबर बघून घ्या ना एकदा," मी म्हटलं. सई मला ओढतच सामानाच्या पट्ट्याकडे घेऊन गेली.